पहिल्या पंगतीचे मानकरी

जगात काही माणसं अशी असतात की वस्तू थोडीफार डावी निघाली तरी त्यांची हरकत नसते, फक्त ती शेजाऱ्याच्या आधी हातात पडली पाहिजे. पूर्वी ही मंडळी सिनेमाच्या पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला दिसत. हल्ली ग्राफिक्स कार्डाच्या रांगेत दिसतात. ३० जानेवारी २०२५ला एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० विक्रीला आलं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या टस्टिन इथं मायक्रो सेंटर या दुकानाबाहेर लोक काही दिवस आधीपासून तंबू ठोकून राहिले होते. तोक्योत अकिहाबारा भागातल्या एका दुकानानं सोडत ठेवली, तर सोडतीलाच एवढी झुंबड उडाली की माणसं बालवाडीच्या आवारात शिरली. बालवाडीच्या दारात पहाटेपासून ताटकळणारी माणसं आपल्याकडेही असतात, पण ती निदान बालवाडीसाठी आलेली असतात.

कार्डाची किंमत १,९९९ डॉलर. भारतात २ लाख १४ हजार रुपये, आणि हाही कंपनीनं जाहीर केलेला भाव. दुकानदाराचा भाव त्याच्याच तोंडून ऐकावा आणि शक्यतो बसून ऐकावा. विजेची भूक ५७५ वॅटची. एवढं सगळं घेऊन ते करतं काय, असं घरात कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘पडद्यावर चित्र उमटवतं’ हे आहे. चित्र आधीच्या कार्डावरही उमटत होतं, हा मुद्दा घरात काढायचा नसतो.

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उजाडला आणि मोजणी सुरू झाली. कार्डाच्या चिपवर आरओपी नावाचे घटक असतात, जाणकार त्यांना लाडानं ‘रॉप’ म्हणतात. बाकी सगळा हिशेब झाला की प्रत्येक ठिपक्याचा शेवटचा रंग पक्का करून तो मेमरीत लिहायचं काम त्यांचं. ५०९०मध्ये ते १७६ असायला हवेत. जीपीयू-झेड नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर कार्डाची सगळी कुंडली मांडून दाखवतं, आणि त्या कुंडलीत काहींना १७६च्या जागी १६८ दिसले. ५०७० टीआयवाल्यांना ९६च्या जागी ८८. कंपनीनं खुलासा केला, तो असा: अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत एक रॉप कमी भरला आहे, त्यानं सरासरी ४ टक्के फरक पडतो, उत्पादनातली चूक दुरुस्त केली आहे, ज्यांना असं कार्ड मिळालं असेल त्यांनी ते बनवणाऱ्याकडून बदलून घ्यावं. खुलाशात एक कमी, पडद्यावर आठ कमी. गिऱ्हाइकांचा पहिला आक्षेप दोषाला नव्हता, वजाबाकीला होता. पुढे काही ५०८०सुद्धा ११२च्या जागी १०४वर निघाली, तेव्हा ज्यांचा अजून नंबर लागला नव्हता त्यांनाही आपण या चळवळीत आहोत असं वाटू लागलं.

आमच्या घराण्यातलं ५०९० पुतण्याकडे आहे. त्याच्या आतेभावानं न्यू जर्सीत ते मिळवलं आणि आत्यानं येताना हातातल्या बॅगेत आणलं. जाताना भाजणी आणि मेतकूट, येताना ग्राफिक्स कार्ड, असा हा व्यापार चालतो. कस्टमचा विषय आमच्याकडे निघत नाही. रॉपची बातमी फुटली त्या रात्री पुतण्यानं जीपीयू-झेड उतरवायला घेतलं. नेट नेमकं तेव्हाच रांगत होतं, त्यामुळे आकडा कळायच्या आधी घरात बोलायला भरपूर वेळ मिळाला.

दादा, म्हणजे पुतण्याचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले.

“समज, कमी निघाले. किती कमी?”

“आठ.”

“कितीतले?”

“एकशे शहात्तरातले.”

“मग उरलेले एकशे अडुसष्ट काय करतायत? त्यांना वाटून द्या की काम. आमच्या शाखेत अकराजणांची जागा मंजूर होती, आयुष्यभर नऊजणांवर चालवली.”

पुतण्यानं चार टक्क्यांचं सांगितलं आणि इथेच त्याचं चुकलं. टक्का म्हटला की दादा नोकरीवर रुजू होतात. त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला २,१४,००० लिहिले, ४ टक्के काढले आणि ८,५६० या आकड्याभोवती गोल केला. मग आठाला एकशे शहात्तरनं भागून ते चार नव्हे, साडेचार टक्क्यांच्या वर जातं हे दाखवून दिलं आणि गोल खोडून ९,७२७ केला. रोज संध्याकाळी कॅश टॅली करताना रुपयाचा फरक आला तरी न उठलेला माणूस तो. “पावणेदहा हजार रुपये! उद्याच्या उद्या परत दे ते कार्ड.”

“परत नाही देणार,” पुतण्या म्हणाला.

“अरे, बदलून देतायत ना?”

“स्टॉक नाहीये बाबा. घेऊन ठेवतील, आणि नवीन कधी येईल ते देवाला ठाऊक. नाहीतर पैसे परत देतील.”

“मग चांगलंच की!”

“पैसे घेऊन काय करू?”

दादांच्या संपूर्ण कारकिर्दीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. वहिनी आतून म्हणाल्या की आधी ते नेणार कोण, आत्या मे महिन्यात जाणार, तिच्या दोन्ही बॅगा आंब्याच्या रसाच्या डब्यांनी आताच भरल्यात. त्यावर आत्यानं फोनवरून कळवलं की मी कार्ड आणलं ते भावाच्या मुलाच्या प्रेमापोटी, ते परत न्यायला मी काही कुरिअर नाही. बोलणी वाढली. दादांनी पुतण्याच्या इंजिनिअरिंगच्या फीपासून सुरुवात केली. तेवढ्यात सॉफ्टवेअर उतरून झालं आणि पडद्यावर आकडा आला. १७६.

एकही कमी नव्हता. जे आठ हरवलेच नव्हते त्यांच्यावरून त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. पुतण्याचा चेहरा मात्र मी पाहिला. सुटलो बुवा, असं त्यावर होतं, आणि त्याच्या खाली थोडी निराशाही होती. अर्धा टक्का म्हणजे दोनशेत एक. अमेरिकेत तंबू ठोकून, तोक्योत चिठ्ठ्या टाकून ज्यांचा नंबर लागला, त्यांच्यातूनही पुन्हा निवडलेल्या त्या एकाला जो मान होता, तो हुकला होता. त्याचे मित्र १६८चे स्क्रीनशॉट पाहून हळहळत होते आणि याला हळहळीत भाग घ्यायला काही कारणच उरलं नव्हतं.

माझं या जातीच्या गिऱ्हाइकाबद्दलचं मत त्या रात्री पक्कं झालं. वस्तूत दोष निघाला म्हणून तो दुखावत नाही. ‘आणून द्या’ म्हटलं की दुखावतो. लग्नात पहिल्या पंगतीला बसणाऱ्याचं असंच असतं. आमटीत मीठ नाही हे त्यालाच आधी कळतं, तो तसं सांगतोही, आचारी मीठ घालतो, आणि ती चवदार आमटी दुसऱ्या पंगतीला जाते. पण म्हणून ‘तुम्ही उठा, आपण तुम्हाला पुढच्या पंगतीला बसवू’ असं यजमान म्हणाला तर तो उठेल काय? तो अळणी भातावर हात धरून बसेल. त्याला आमटी नकोच होती, पहिलं पान हवं होतं. कंपन्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ‘बदलून घ्या’ हे वाक्य त्या फार मोकळ्या मनानं लिहितात.

याला पुरावा जुना आहे. १९९४मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपचे काही विशिष्ट भागाकार चुकतात हे थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकानं दाखवून दिलं. इंटेलचं म्हणणं पडलं की साध्या माणसाला अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, आणि चिप बदलून हवी असेल तर तुम्हाला तिची गरज आहे हे आधी पटवून द्या. झालं! ज्यांनी शाळा सुटल्यापासून हातानं भागाकार केला नव्हता तेही अचूकतेसाठी रस्त्यावर यायच्या बेतात आले. अखेर २० डिसेंबरला कंपनीनं मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर केलं आणि या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला. त्यानंतर घरगुती गिऱ्हाइकांतले फार थोडे बदलायला आले. नकार मिळत होता तोवर चिप हवी होती.

ग्राफिक्स कार्डाच्या राज्यात हा खेळ दर दोन वर्षांनी रंगतो. २०१६मध्ये ईव्हीजीएच्या काही कार्डांचा विजेचा भाग फार तापतो असं निघालं, तेव्हा कंपनीनं मागणाऱ्यांना उष्णता ओढून घेणारी थर्मल पॅडं फुकट पाठवली. तुमचीच कार्डं तुम्हीच खोला आणि तुम्हीच चिकटवा. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात या उत्तराला गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. इथे अनेकांना कार्ड खोलायला कंपनीची अधिकृत परवानगी मिळाली याचंच अप्रूप. डिसेंबर २०२२मध्ये एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स आलं, ९९९ डॉलरला. त्यातल्या काही कार्डांत चिप थंड ठेवणाऱ्या बंद कप्प्यात पाणीच पुरेसं भरलं नव्हतं, आणि तापमान ११० अंशांवर जाऊन टेकत होतं. कंपनीनं चूक कबूल केली, कार्डं बदलून दिली. पण त्याआधी एक मोठी मजा होऊन गेली. कार्ड आडवं असताना जास्त तापतं आणि उभं धरलं की कमी, असं कुणीतरी दाखवलं, आणि जगभर सुशिक्षित माणसं चालू कॅबिनेट कुशीवर, पाठीवर, पुन्हा कुशीवर करत थर्मामीटरच्या आकड्यांकडे डोळे लावून बसली. ज्याचं कार्ड धडधाकट होतं त्यानंही करून पाहिलं. करून पाहिलं नाही तर धडधाकट आहे हे कळणार कसं?

या सगळ्यात रसाळ प्रकरण मात्र प्लगचं. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२मध्ये आलं आणि महिना संपायच्या आत वितळलेल्या प्लगांचे फोटो फिरू लागले. कार्डाला वीज देणारा १६ पिनांचा हा नवा प्लग ६०० वॅटसाठी पास झालेला, कार्ड ४५० वॅटचं. एनव्हिडियानं नोव्हेंबरात सांगितलं की जगभरातून सुमारे ५० तक्रारी आहेत, आणि प्लग पुरता आत न बसणं हे त्यांत वारंवार दिसतं. १,५९९ डॉलर मोजणाऱ्याला ‘तुम्हाला प्लग लावता येत नाही’ हे ऐकावं लागलं. एक वेळ कार्ड जळालं असतं तरी चाललं असतं, हा अपमान नको होता. त्या दिवसापासून प्रत्येक मालक आपला प्लग नीट बसलाय ना, हे तपासू लागला. टॉर्च मारून पाहिला, अंगठ्यानं दाबून पाहिला, ‘टक्’ असा आवाज येतो म्हणतात तो ऐकायला कान लावला, आणि समाधान होईना म्हणून काढून पुन्हा लावला. आता गंमत अशी की हा प्लग सुमारे तीसच वेळा काढ-घाल करण्याच्या हिशेबानं बनवलेला असतो. दक्ष मालकानं रोज रात्री झोपण्यापूर्वी खात्री करून घेतली तर महिन्याभरात त्याची खात्री आणि प्लगचं आयुष्य दोन्ही एकाच दिवशी पुरी होतात. एमएसआय कंपनीनं पुढे प्लगचं टोक पिवळं केलं: पिवळं दिसतंय म्हणजे बसलेलं नाही. एवढी किंमत असलेल्या यंत्रासाठी हा उपाय सुचला याचं मला मनापासून कौतुक आहे. बालवाडीशी या कार्डांचं नातं तिथंच जुळलं असावं.

वायर कॅबिनेटच्या काचेला टेकून वाकते, त्यानं प्लग सैल होतो, अशी धास्ती तेव्हा पसरली होती. मग सावध लोकांनी केबलमॉड कंपनीचे काटकोनी अ‍ॅडॉप्टर घेतले. वायर वाकायला नको, धोका नको. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत रीतसर परत मागवले गेले ते हेच अ‍ॅडॉप्टर: २५,३०० नग, ते सैल होऊन तापल्याच्या नि वितळल्याच्या २७२ तक्रारी. म्हणजे जो बेफिकीर होता, ज्यानं वायर तशीच कोंबून झाकण लावलं, त्याला आयोगाचं पत्र आलं नाही. जो काळजी घेऊन जास्तीचे पैसे खर्च करून बसला, त्याला ‘ताबडतोब वापर थांबवा’ अशी सूचना. त्यांच्यातले कितीतरी म्हणाले की माझं वर्षभर छान चाललंय, मी का काढू? आणि काढायला जावं तर काढ-घालीतली आणखी एक कमी होते, हा हिशेब होताच.

२०२५मध्ये ५०९०च्या प्लगाचेही तसलेच फोटो आले. रोमन हार्टुंग या जर्मन ओव्हरक्लॉकरनं, म्हणजे चिप ठरल्याहून जास्त वेगानं पळवणाऱ्या गड्यानं, तेव्हा आपल्या मशीनवर मोजमाप केलं. कार्डाला लागणारा प्रवाह सहा तारांनी सारखा वाटून घ्यायचा, प्रत्येकीच्या वाट्याला आठेक अँपिअर. प्रत्यक्षात एकाच तारेतून वीसहून जास्त अँपिअर वाहत होते आणि पॉवर सप्लायच्या बाजूचं टोक दीडशे अंशांपर्यंत तापलं होतं. पुतण्यानं हे दादांना मोठ्या गांभीर्यानं वाचून दाखवलं. दादांना काही विशेष वाटलं नाही. काम सगळ्यांना सारखं वाटून दिलेलं असतं आणि करतो एकच, हे त्यांनी तीस वर्षं काउंटरमागून पाहिलेलं होतं. “त्या तारेची बदली तरी होते का?” एवढंच त्यांनी विचारलं.

कमी भरलेल्या मालाची खरी हद्द मायक्रो सेंटरच्याच सांता क्लारातल्या दुकानात झाली. तिथे काही गिऱ्हाइकांनी ५०९०चं सीलबंद खोकं फोडलं तर आत कार्डच नव्हतं, दप्तरं होती. रॉप मोजायचा प्रश्न मिटला. ही मंडळी बदलून घ्यायला ताबडतोब परत गेली असणार. दप्तराशी कुणाचा जीव जडत नाही.

आता सेकंडहँड बाजारात या प्रकरणाची नवीच शाखा निघाली आहे. वापरलेलं कार्ड विकणारे जाहिरातीत लिहितात: १७६ रॉप पूर्ण, स्क्रीनशॉटसहित. वस्तूत जे असायलाच हवं ते आहे, यासाठी आता वेगळी ओळ लागते, आणि त्या ओळीचे पैसेही लावलेले असतात. मध्यंतरी माउस घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. दुकान म्हणजे चार फुटांचं काउंटर, मागे छतापर्यंत खोकी, आणि वर माळ्यावर बसलेला पोऱ्या, जो सांगाल ते खोकं खाली टाकतो. शेजारी एक काका उभे होते, हातात कापडी पिशवी. मुलासाठी कार्ड पाहायला आले होते आणि सगळा गृहपाठ करून आले होते.

“ते आठ कमीवालं आहे का हो तुमच्याकडे?”

दुकानदारानं मान वर केली. “कुठलं?”

“पन्नास-नव्वद. आठ रॉप कमी निघालेत ना काहींत. चार टक्क्यांचा तर फरक. आम्हाला चालेल, पोरगं काय, गेमच खेळणार. पण भावात मग चाळीस टक्के तरी सोडा.”

“काका, तसला पीस मार्केटमध्ये येतच नाही. ज्यांच्याकडे आहे ते सोडत नाहीत.”

“वा! खराब माल आणि सोडत नाहीत?”

“मीच एकाला म्हटलं, दे, मी कंपनीत पाठवून नवीन आणून देतो. तर तो बिलाची झेरॉक्स घेऊन निघून गेला.”

काकांनी थोडा विचार केला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत खालच्या आवाजात म्हणाले, “बरं, सोळा कमी असलेलं एखादं?”